उभे जावई

जावई राहायला येण्याआधी त्यांची स्कूटर घरात आली. सामानाच्या पहिल्याच खेपेत ती तीन जिने चढून वर आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी अशी उभी राहिली, जसं काही घर तिच्याच नावावर होतं.

तिला स्कूटर म्हणायचं तेही उगाच. बसायला जागा नाही. पाय ठेवायला एक फळी, पुढे-मागे बशीएवढी चाकं, समोर एक दांडी आणि दांडीच्या टोकाला हँडल. फळीच्या पोटात बॅटरी. बटण दाबलं की माणूस उभ्याउभ्याच पुढे सरकतो, कपड्यांच्या दुकानातला पुतळा कुणीतरी ढकलत न्यावा तसा. दांडी पाडून घडी घातली की ती सहज हातात धरता येते, असं जावई म्हणत. बाईंनी एकदा उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. भरलेल्या गॅस सिलिंडरची ती धाकटी बहीण शोभली असती.

बाई म्हणजे शहराच्या बसवरच्या ड्रायव्हरबाई. डेपोत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, कारण त्या नोकरीला लागल्या तेव्हा तिथे दुसरी बाईच नव्हती. नवरा लवकर गेला. त्यांनी एकटीनं मुलगी वाढवली, ती औषधांच्या दुकानात काउंटरला लागली आणि मग तिनं आपल्या मनानं या माणसाशी लग्न केलं. जावई ऑफिसांमधली झेरॉक्सची आणि प्रिंटरची मशिनं दुरुस्त करत. पाठीवर हत्यारांची बॅग, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायाखाली ती फळी, आणि दिवसभर या ऑफिसातून त्या ऑफिसात. त्यांची भाड्याची जागा मालकाला परत हवी झाली, म्हणून दुसरी मिळेपर्यंत ते बायको-मुलीसकट सासूकडे आले होते. चार वर्षांच्या नातीला घरात पिटुकली म्हणत. पिटुकली घरात येणार म्हटल्यावर बाईंनी तिच्याबरोबर आणखी कुणालाही घेतलं असतं, आणि घेतलंच.

डेपोतल्या चहाच्या टेबलावर त्यांनी जावयांचं नाव पाडलं होतं, 'उभे जावई'. "काय बाई, उभे जावई काय म्हणतात?" असं कुणी विचारलं की बाई तोंड भरून सांगायला बसत.

पहिली ठिणगी पडली ती प्लगवरून. बाईंची पहाटेची पाळी. त्या डोळे चोळत चहाची किटली लावायला गेल्या, तर तिच्या जागी स्कूटर हिरवा दिवा लुकलुकवत वीज पीत होती. बाईंनी तिची वायर उपटून बाजूला फेकली.

आवाजानं जावई उठून आले. "आई, जरा वेळ राहू द्या ना. फुल झाली नाही तर पुलाच्या चढावर दम टाकते."

"चहा झाला नाही तर मीही दम टाकते," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या मागे बसभर माणसं असतात. तुमच्या मागे कोण असतं?"

जावयाला अरे-तुरे करता येत नाही, ही बाईंची खरी अडचण होती. पोटचा मुलगा असता तर कान धरून सरळ केला असता. इथे प्रत्येक वाक्यात 'तुम्ही' म्हणणं भाग. मग त्यांनी त्या 'तुम्ही'लाच धार लावून घेतली.

जेवताना तर रोजचाच आखाडा. मुलगी मान खाली घालून घास गिळत राही आणि हे दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांवर शब्द फेकत.

"साधी गोष्ट आहे, आई," जावई म्हणत. "बससाठी स्टॉपपर्यंत चाला, मग ती कधी येईल त्याची वाट बघा, आत शिरून घुसमटा, उतरून पुन्हा चाला. मी दारातून निघतो तो दारात पोचतो. पेट्रोल नको, पार्किंग नको. थोडी वर्षं जाऊ द्या, बस फक्त सहलीला उरतील."

"हो ना. गुडघे गेलेले आजोबा जातील तुमच्या फळीवर उभे राहून. पोटुशी बाई जाईल. सामानाची पिशवी एका बाजूला अडकवली की त्याच बाजूला कलंडून गटारात जातील. आणि पाऊस आला की सगळं शहर घरी बसेल."

"सगळ्यांनी चालवा असं कुठे म्हणतोय मी? माझ्यासारख्या फिरतीच्या माणसाला..."

"तुमच्यासारखे कसे असतात ते मी रोज आरशात बघते."

आणि हे त्या चिडवायला म्हणत नव्हत्या. बसच्या फुटपाथकडच्या अंगाला एक जागा अशी असते, की तिथलं ड्रायव्हरला काही म्हणता काही दिसत नाही. सायकलवाल्याला ते ठाऊक असतं, तो मागे थांबतो. हे उभे लोक मात्र आवाज न करता येत, बस आणि कठडा यांच्यामधल्या फटीतून साबणाच्या वडीसारखे सुळकन पुढे निसटत, आणि बाईंचा पाय आपसूक ब्रेककडे जाई. गेल्या हिवाळ्यात एक कॉलेजची मुलगी अशीच चाकासमोर आडवी पडली होती. बाईंनी बस थांबवली, मुलगी उठली, कपडे झटकले आणि हसून हात हलवून गेलीसुद्धा. बाईंना मात्र शेवटच्या स्टॉपवर उतरून गाडीच्या मागे जाऊन उलटी करावी लागली होती. हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. घरी त्या फक्त भांडल्या.

त्यातच डेपोच्या फळ्यावर नोटीस लागली. एका बसमध्ये घडी घातलेल्या स्कूटरच्या बॅटरीनं पेट घेतला होता. कुणाला इजा झाली नाही, पण सीट जळल्या. त्यामुळे यापुढे बॅटरीवरची स्कूटर, घडी केलेली असो वा उघडी, बसमध्ये चढू द्यायची नाही. बाईंनी नोटीस वाचली आणि घरी येऊन ती बातमी वाढदिवसाच्या केकसारखी टेबलावर ठेवली.

"बरं झालं," जावई म्हणाले. "मला बसमध्ये चढायचंच नाहीये."

चढायची वेळ आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

त्या दिवशी समोरून बोचरा वारा होता. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि उलट्या वाऱ्यात आणखी लवकर, हे जावयांना कळत होतं, पण एका ऑफिसातलं मशीन हट्टाला पेटलं होतं आणि तिथून दुसऱ्या टोकाला जावं लागलं होतं. बाईंची बस पुलाअलीकडच्या स्टॉपवर आली, तेव्हा रांगेच्या शेवटी पिवळं हेल्मेट दिसलं. हातात घडी घातलेली स्कूटर, बॅगेच्या ओझ्यानं एक खांदा खाली, नाक लाल.

बाकीचे चढले. जावयांनी पायरीवर पाय ठेवला.

"ती चढणार नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे, आई. पण बॅटरी संपलीये तिची. पार मेलीये. आजचा दिवस..."

"मेलेली असो, जिवंत असो. नियम आहे."

"अहो, इथे ठेवली तर कुणी पण उचलून नेईल. तिला कुलूप लावायची सोय नाही."

"दारातून निघून दारात पोचते म्हणालात ना? मग कुलूप कशाला हवंय?"

पुढच्या सीटवरचा एक जण फिसकन हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, घ्या नाहीतर सोडा, उशीर होतोय."

"आई, ऐका तर, आज मला पाच..."

बाईंनी बटण दाबलं. दरवाजाची दोन पाखं जावयांच्या नाकासमोर येऊन मिटली. काचेमागे त्यांचं तोंड हलत राहिलं, शब्द काही ऐकू आले नाहीत. बस निघाली. पूल चढताना बाईंनी आरशात पाहिलं. ते त्या वाऱ्यात स्कूटर ढकलत चालू लागले होते. बाईंना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की पुढच्या स्टॉपवर एक बाई सुट्टे शोधत पायरीवर रेंगाळली तरी त्या चिडल्या नाहीत. शेवटच्या स्टॉपपर्यंत त्या मनातल्या मनात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बघत होत्या, आणि दर वेळी दरवाजा आणखी झोकात मिटत होता.

घरी आल्या तर घर रिकामं. पिटुकली यावेळी घरी असायची, तीही नाही.

सगळे आले ते अंधार पडल्यावर. मुलीच्या कडेवर पिटुकली रडून रडून झोपलेली. मागे जावई स्कूटर खांद्यावर टाकून जिना चढत होते. पाळणाघरातून पिटुकलीला आणायची त्या दिवशी त्यांची पाळी होती. पाच वाजता पाळणाघर बंद होतं. मुलीचा फोन लागेना, म्हणून त्यांनी वाटेतून पाळणाघरवाल्या काकूंना फोन केला, काकूंनी मुलीच्या दुकानात केला. मुलगी काउंटरवर गिऱ्हाईकाच्या हातात औषधाची पिशवी अर्धवट ठेवून धावत सुटली. बस तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली. ती पोचली तेव्हा काकू कुलूप हातात घेऊन बाहेर उभ्या होत्या आणि पिटुकली बूट-टोपी घालून पायरीवर बसली होती. आपल्याला न्यायला आता कुणीच येणार नाही, असं ती धरूनच चालली होती.

मुलीनं तिला आत निजवलं, दार ओढून घेतलं आणि ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"का केलंस असं?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या. "उद्या बसला आग लागली तर जबाबदार कोण?"

"नियम मला कळतो. मेलेल्या बॅटरीलासुद्धा नाही म्हणालीस, म्हण बापडी. पण तो काहीतरी सांगत होता, तेवढं ऐकून घ्यायचं नाही? नसता चढला तो. पिटुकलीला आणायचंय म्हणाला असता, तू पाळणाघराच्या दारावरूनच जातेस! एक मिनिट थांबून तिला बसमध्ये घेतलं असतंस."

 बाईंनी आवाज चढवला.

"मला काय स्वप्न पडतं? आणि मुलीला आणायची जबाबदारी आहे, तर त्या खेळण्यावर भरवसा ठेवून निघायचंच कशाला?"

"हसत होतीस तू," मुलगी म्हणाली. "दार बंद करताना हसत होतीस. सांगितलं त्यानं मला."

"त्यांचं काय ऐकतेस? ज्यांना स्वतःचं घर बघता येत नाही..."

"आई," जावई दाराशी उभे होते. त्यांच्या हाताला ढकलून ढकलून फोड आले होते. "माझ्यावर राग काढा, हरकत नाही. पण आज तुम्ही तो माझ्यावर नाही काढलात."

"माझ्या घरात उभं राहून मला शिकवू नका."

झालं. एकदा 'माझं घर' तोंडातून निघालं की पुढे बोलायला काही उरत नाही. मुलीनं त्याच रात्री फोन काढून जागा बघायला सुरुवात केली.

जागा काही हातावर ठेवलेली नसते. ती मिळेपर्यंत एकाच घरात राहणं आलं. बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी पिटुकलीमार्फत मागितलं जाई. जावई आता स्कूटर घरात चार्ज करत नसत, कुठल्यातरी ऑफिसात करून आणत. प्लग दिवसभर मोकळा असे, आणि तो मोकळा प्लग बघितला तरी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. रात्री त्या कूस बदलत पडत आणि जावयांना ऐकवायची वाक्यं जुळवत. पिटुकली पायरीवर बसलेली दिसू लागली, की आणखी जोरानं जुळवत.

अशाच एका सकाळी बाईंची बस पुलाकडे निघाली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. पुलावर रस्ता चिंचोळा होतो आणि फुटपाथ संपून नुसता दगडी कठडा लागतो. बाईंनी सवयीनं आरशात पाहिलं. पिवळं हेल्मेट. बसच्या मागच्या चाकाशी होतं आणि भराभर पुढे येत होतं.

जावईच होते. ती बॅग, तो एका बाजूला झुकलेला खांदा.

अशा वेळी काय करायचं ते बाईंच्या पायाला पाठ होतं. त्याला विचारावं लागत नसे. समोर फट अरुंद होत असली आणि शेजारी कुणी असला, की वेग सोडायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. मूर्ख असला तरी जाऊ द्यायचं. त्या सकाळी पाय हलला नाही. बाईंना तो हललेला नाही हे कळत होतं. 'येऊ दे, बघू,' एवढंच त्यांच्या मनात आलं. पिवळं हेल्मेट दरवाजापर्यंत आलं आणि मग त्या न दिसणाऱ्या जागेत शिरून नाहीसं झालं. कठडा जवळ आला.

तेव्हा बाईंचा पाय ब्रेकवर असा आदळला, की सगळी बस पुढे फेकली गेली. पिशव्या उडाल्या, माणसं एकमेकांवर पडली, दांड्याला धरून उभ्या असलेल्या एका बाईचा ओठ फुटला. फुटपाथकडून 'खर्र' असा घासल्याचा आवाज आला आणि थांबला.

बाईंना खाली बघायचा धीर होईना. मग दरवाजाच्या काचेत जावयांचं डोकं वर आलं. ते कठड्याला धरून उठत होते. कोपर फाटलेलं, चेहरा चुन्यासारखा. त्यांनी आत पाहिलं. बाईंनी बाहेर पाहिलं. दोघांमध्ये तीच काच होती. मग जावयांनी स्कूटर उचलली, ती कठड्याला लावून ठेवली आणि ते पुलाकडेला खाली बसले.

ओठ फुटलेल्या बाईची मलमपट्टी झाली, डेपोत जबाब द्यावा लागला. "स्कूटरवाला मध्ये आला?" साहेबांनी विचारलं. कागदावर ते अर्धं लिहूनही टाकलं होतं.

"मध्ये नाही आला," बाई म्हणाल्या. "शेजारून येत होता. मला दिसला होता. मी ब्रेक उशिरा मारला."

साहेबांनी मान वर केली. "बाई, असं लिहिलं तर ठपका तुमच्यावर येईल."

"लिहा."

संध्याकाळी मुलगी कामावरून यायची होती. पिटुकली जमिनीवर ठोकळे रचत बसली होती. जावई हाताला पट्टी बांधून आले, बाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आज तुम्ही मला दाबणार होतात," ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी नातीकडे पाहिलं. "पाय उशिरा हलला."

"मुद्दाम?"

"ते मलाही कळत नाहीये. पण उशिरा हलला. हलायला हवा होता."

जावयांनी पट्टीची सुटलेली कड पुन्हा चिकटवली. "मी तिथे घुसायला नको होतं. पुलावर मी कुणाही बसच्या शेजारून जात नाही, मागे थांबतो. मला काय कळत नाही होय? पण तुमची बस दिसली आणि म्हटलं, आज हिला मागे टाकायचंच."

"हिला?" बाई म्हणाल्या.

"बसला," जावई म्हणाले. मग म्हणाले, "नाही. तुम्हाला."

पिटुकलीचे ठोकळे कोसळले. दोघंही दचकले.

"तिला सांगणार आहात?" बाईंनी विचारलं. तिला म्हणजे मुलीला.

"काय सांगू? तिची आई आणि तिचा नवरा पुलावर एकमेकांच्या अंगावर गेले म्हणून सांगू? तिनं कुठे जायचं मग?" ते उठले. "नाही सांगत. पण तुम्ही मला आवडता असं समजू नका."

"तुम्हीही मला आवडत नाही," बाई म्हणाल्या. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रात्रभर त्यांचा पाय चादरीखाली आपोआप ब्रेक दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्यूटी लावणाऱ्याकडे जाऊन रूट बदलून मागितला. पुलावरचा रूट डेपोतला सगळ्यात चांगला समजला जाई. सरळ रस्ता, वेळेत सुटी. तो मिळवायला त्यांना अर्ध्या नोकरीची वर्षं घालवावी लागली होती.

"त्याच्या बदल्यात फक्त कारखान्यांकडचा रिकामा आहे," तो म्हणाला. "नुसते खड्डे. पाळीही तुटकी, थोडी दुपारी, थोडी संध्याकाळी. डोकं ठिकाणावर आहे ना? का सोडताय?"

"त्या रस्त्यावर माझा माणूस असतो," बाई म्हणाल्या. हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, पण दुसरा सुचला नाही.

महिनाअखेरीला मुलीला जागा मिळाली, शहराच्या पलीकडच्या टोकाला, तळमजल्यावर. सामान गेलं. मुलगी निघताना आईच्या गळ्यात पडली, पण पूर्वीसारखी नाही. जावयांनी "येतो" म्हटलं आणि बाईंनी "या" म्हटलं.

नव्या रूटवर बाईंची कंबर धरू लागली. सुटीच्या दिवशी त्या दोन बस बदलून नातीला भेटायला जात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मुलगी अजून दुकानातच होती. दार जावयांनी उघडलं. चाकाचा रबर हातात, बोटं काळी. मागे दिवाणखान्यात स्कूटर उलटी करून ठेवली होती.

"टायर गेला वाटतं," बाई म्हणाल्या.

"गेला."

"असल्या रस्त्यांवर जाणारच."

"बस मिळाली वेळेत?" जावयांनी विचारलं.

"नाही. पहिली सुटली, मग अर्धा तास उभी होते."

जावयांना काहीतरी बोलायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते ओठ मिटून बाजूला झाले. आतून पिटुकली धावत येऊन बाईंच्या गुडघ्यांना बिलगली, आणि बाई चपला काढून, स्कूटरला वळसा घालून आत गेल्या.